हेरोद मेंढरू झाला ते वर्ष

माझा काका सलग नऊ वर्षं हेरोद राजा होता. एरवी तो अर्धापूरच्या मळ्यांतून केळीचे घड उतरवून ट्रकमध्ये रचायचा, पण नाताळच्या संध्याकाळी तासाभरासाठी त्याच्या डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट चढायचा, खांद्यावर माझ्या आईचा लग्नातला लाल शालू यायचा आणि स्टेशनमास्तरांकडून मागून आणलेल्या हाताच्या खुर्चीत तो असा काही बसायचा की समोरची लहान मुलं आपोआप आईच्या पदराआड सरकायची. बाळ येशू जन्मला, नवा राजा आला, हे ऐकून ज्याला आपल्या गादीची धास्ती बसली आणि ज्यानं शिपाई सोडून तान्ही पोरं मारायला लावली, तो हा हेरोद. आमच्या चर्चच्या नाटकात मरिया आणि येशू दर एक-दोन वर्षांनी बदलायचे, कारण मरिया लग्न होऊन सासरी जायची आणि येशूला दात फुटले की तो चावायला लागायचा. हेरोद मात्र एकच. गावातली हिंदू-मुसलमान मंडळीसुद्धा ‘चला, दानूचा हेरोद बघू’ म्हणत पुढच्या रांगा धरायची. काकाचं नाव दानिएल, पण त्याला दानिएल फक्त चर्चचे पाळकसाहेब म्हणत, तेही रागावले तरच.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मुदखेडहून गाडीत बसलं की बूड टेकवून होईतो उतरायची वेळ यायची, इतकं ते जवळ. बाबा रेल्वेत पॉइंटमन होते, रुळांचे सांधे बदलायचे, आणि आम्ही आमच्या लोकांच्या गल्लीला लागूनच दीड खोलीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. घरात घड्याळ नव्हतं, त्याची गरजही नव्हती. शंटिंगच्या इंजिनानं पहिली शिट्टी दिली की आई चूल पेटवायची, फलाटावर टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोल पडले की मी शाळेला निघायचे आणि दुपारची पॅसेंजर थरथरत गेली की फळीवरची भांडी एकमेकांना चिकटायची, ती सरळ करणं हे माझं काम. काका आमच्यातच राहायचा, लग्न न झालेला. संध्याकाळी तो यायचा तो अंगाला केळीच्या चिकाचे काळे डाग घेऊन, आणि बरोबर घडातून गळालेली केळी. त्यामुळे आमच्या घरात केळी कधी फळ म्हणून खाल्ली गेली नाहीत. कच्च्या केळ्यांची भजी, पिकल्याची शिकरण, फार पिकल्याच्या पुऱ्या, आणि त्यातूनही उरली तर शेजारची शेळी. आज लातुरात माझी सून डझनाच्या भावानं केळी आणते आणि फ्रिजवर टोपलीत मांडून ठेवते, तेव्हा मला उगाच पाहुण्यांच्या घरी आल्यासारखं वाटतं.

आता हेरोदाच्या शिपायांविषयी. रोमन शिपाई कसा दिसतो हे आमच्या गावात कुणालाच माहीत नव्हतं. शिपाई म्हटलं की खाकी, हे मात्र सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे आमच्या नाटकातले शिपाई पहिल्यापासून खाकी घालूनच बेथलेहेमात शिरायचे, हातात काठी आणि कमरेला पितळी बक्कलचा पट्टा. हे कपडे यायचे माझ्या योहान मामाकडून. मामा म्हणजे आईचा पाठचा भाऊ, गावच्या ठाण्यात कॉन्स्टेबल. आमच्या सगळ्या गल्लीतला तो पहिला पोलीस, आणि चर्चमधलाही. त्याला नोकरी लागली तेव्हा पाळकसाहेबांनी उपकाराची प्रार्थना इतकी लांबवली होती की चहा दोनदा गरम करावा लागला. मामाचे जुने गणवेश आई कापून पोरांच्या मापाचे करायची. नाताळला पाहुणे म्हणून फौजदार यायचे, कारण भोंग्याची परवानगी त्यांच्या हातात, आणि तेही आपल्या शिपायांची ही छोटी फौज बघून खदखदून हसायचे. त्यात काही वावगं आहे असं कधी कुणाच्या मनातच आलं नाही.

आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा सगळ्यांची नावं बदलली. धोंडिबाचा दाविद झाला, सटवीची सारा झाली. पण गावानं आम्हाला मांगाची गल्ली म्हणायचं काही सोडलं नाही, आणि ठाण्यातल्या वहीत तर आमची गल्ली कायमची होती. कुठं कोंबडी हरवली, विहिरीवरच्या मोटारीची पेटी फुटली, की पहिली जीप आमच्याकडे वळायची. आम्हा मुलांना त्याची इतकी सवय होती की जीप दिसली की आम्ही चोर-पोलीस खेळणं थांबवून ती कुणाच्या दारात उभी राहते यावर पैजा लावायचो. आपल्याच दारात उभी राहील यावर पैज लावायची मात्र कुणाला सुचली नव्हती.

नाताळ महिन्यावर आला होता आणि आमच्याकडे तालमी सुरू झाल्या होत्या, तेव्हा एका पहाटे सिग्नलची तांब्याची तार चोरीला गेली. त्याच दिवशी दुपारची वेळ. काका मळ्यातून लवकर येऊन जेवायला बसला होता. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. तेवढ्यात मामा आला. गणवेशातच होता, पण त्यात नवल नव्हतं, तो रोजच आमच्याकडे जेवायचा. आईनं त्यालाही ताट वाढलं. त्यानं अर्धी भाकर आमटीत कुस्करली, खाल्ली, पाणी प्यायला आणि ताटाकडे बघतच म्हणाला, “दानू, सायबांनी बोलावलंय. दोन मिन्टं.”

“आत्ता? भाकर तर खाऊ दे.”

“येऊन खा की. दोन मिन्टाचं काम हाय, चल.”

काकानं हात धुतला, आईला म्हणाला, “वैनी, ताट झाकून ठेवा,” आणि मामाच्या सायकलवर डबल सीट बसून गेला. जाताना त्यानं मला हेरोदासारखे डोळे वटारून दाखवले, म्हणून मी हसलेसुद्धा. तो परत आला तिसऱ्या दिवशी. कुणीतरी बैलगाडीतून सोडलं त्याला, आणि उंबऱ्यातून आत येताना त्यानं पाऊल टेकवलं नाही, गुडघ्यांवर आला. तार त्याच्याकडे सापडली नाही, सापडणार कुठून, त्या पहाटे तो चाळीस माणसांसमोर केळी उतरवत होता. पण तसं सोडतील तर ते ठाणं कसलं. त्याचं नाव हजेरीच्या वहीत घातलं. रोज सकाळी दहाला ठाण्यात जायचं, अंगठा उठवायचा, साहेब म्हणतील तोवर बसायचं. एक दिवस चुकला तर पुन्हा आत. मळ्यातला घड पहाटे उतरतो आणि ट्रक दुपारच्या आत निघतो, त्यामुळे दहाची हजेरी म्हणजे काम बंद. मुकादमानं दोन दिवस वाट बघितली आणि तिसऱ्या दिवशी दुसरा माणूस घेतला.

त्या तीन दिवसांत काय झालं ते काकानं कुणाला सांगितलं नाही. बाबांनी विचारलं, आईनं कोमट मिठाच्या पाण्यात त्याचे पाय धरून ठेवताना विचारलं, पाळकसाहेबांनी त्याच्यासाठी प्रार्थना करताना आडून आडून विचारलं. त्याचं एकच उत्तर, “काही न्हाई. बसवून ठेवलं व्हतं.” मग विषय बदलून तो मला हेरोदाची वाक्यं म्हणून घ्यायला सांगायचा, कारण त्या वर्षी नाटकाची वही धरून पडद्यामागून वाक्यं सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी बारा-तेरा वर्षांची असेन आणि त्या वहीचा मला फार तोरा होता.

आईनं मामाशी बोलणं टाकलं. पण मामाचा डबा मात्र बंद केला नाही. तो पोलीस लाइनीत एकटा राहायचा आणि आता घरी यायचं तोंड नव्हतं, म्हणून रोज दुपारी तो डबा पोचवायला आई मला धाडायची. “भाऊ हाय माझा, उपाशी तर न्हाई ठेवणार,” ती भांड्यांना सांगायची, “पर त्याचं थोबाड मला दाखवू नगा.” मला ही दुहेरी व्यवस्था मान्य नव्हती. मी वाटेत पिंपळाखाली थांबून डबा उघडायचे आणि वरणात चांगलं मूठभर मीठ कालवायचे. हे मीठ मी घरूनच पुडीत घेऊन निघायचे, म्हणजे पाप पूर्ण विचारांती होतं. चार दिवस झाले, पाच दिवस झाले, मामाकडून तक्रार नाही. सहाव्या दिवशी मी डबा देऊन परत न जाता खिडकीतून बघितलं. मामा खाटेवर बसून वरण-भात खात होता. घास घेई, डोळे मिटी, गिळी, पाणी पिई, पुन्हा घास. डबा त्यानं बोटानं पुसून घेतला. मला वाटलं होतं तो ओरडेल, मग मी त्याला चार शब्द सुनावीन, ते शब्द मी पाठही केले होते. ते सगळे तसेच राहिले. घरी येताना मला इतकं रडू आलं की मी पिंपळालाच शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवसापासून मीठ बंद केलं, पण बोलले नाही त्याच्याशी.

चर्चमध्येही सगळं धड नव्हतं. दर रविवारी पाळकसाहेब देशाच्या अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायचे, ‘त्यांना सुबुद्धी दे’ हे वाक्य त्यात असायचंच, आणि एरवी त्यावर लोक पेंगत पेंगत आमेन म्हणायचे. काका परत आल्यानंतरच्या रविवारी त्या वाक्यावर असं दणदणीत आमेन आलं की पाळकसाहेबांनी डोळे उघडले. उपदेशात ते म्हणाले की जो आपल्याला छळतो त्याला क्षमा करावी. मी नंतर त्यांना गाठून विचारलं, “पाळकसाहेब, माफ आधी करायचं का मार आधी थांबवायचा?” ते म्हणाले, “फार चांगला प्रश्न आहे, मार्था,” आणि खिशातून काढून मला दोन शंकरपाळ्या दिल्या. त्या मी खाल्ल्या. उत्तर अजून यायचं आहे. मी पुढं चाळीस वर्षं लातूरला नर्स होते, ठाण्यातून आणलेली माणसं वॉर्डात बघितली, ‘जिन्यावरून पडला’ असं लिहिलेले कागद बघितले, आणि दर वेळी मला त्या शंकरपाळ्यांची चव आठवली.

पाळकसाहेब भित्रे होते, पण वाईट नव्हते. त्यांनी आणि बाबांनी मिळून एक बेत केला. नाताळला फौजदारसाहेब सहकुटुंब येणार आहेत, त्यांना चांगलं खाऊपिऊ घालायचं, शाल द्यायची, आणि मन प्रसन्न असताना हळूच विषय काढायचा की साहेब, दानूचं नाव वहीतून काढा. सगळी भिस्त या एका संध्याकाळवर. त्यामुळे नाटकात साहेबांना टोचेल असं काही नको. पहिली कात्री लागली खाकीला. शिपायांना पांढरे सदरे आणि डोक्याला टॉवेल दिले, आणि ते निवडणुकीला उभे राहिल्यासारखे दिसायला लागले. दुसरी कात्री हेरोदाला.

“दानू, तू या वर्षी स्टेजवर नसलेला बरा,” बाबा म्हणाले. “सायबाच्या नजरेसमोर कामून यायचं?”

 काका म्हणाला, “बिलकुल नको म्हणता? बरं, मेंढरू होतो. घोंगडीखाली कोण वळखणार हाय? उभं बी राहायला नगं, पायाला आराम.”

असा आमचा हेरोद मेंढरू झाला आणि मुकुट गेला शमुवेल टेलरकडे. शमुवेल हा इतका सज्जन माणूस की गिऱ्हाइकाचं माप घेताना आधी माफी मागायचा. तालमीत तो ‘शिपायांनो, जा’ हे वाक्य ‘शिपायांनो, जाता का’ असं म्हणायचा.

नाताळ उजाडला. आईनं आठ दिवस करंज्या तळल्या होत्या, नानकटाईचं पीठ-तूप नांदेडच्या भट्टीवर नेऊन भाजून आणलं होतं, पेटीचा भाता फाटला होता तिथं बाबांनी सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं होतं. ऊन कलल्यावर चर्चपुढच्या मांडवात माणूस मावेना. पुढच्या रांगेत फौजदारसाहेब, शेजारी त्यांच्या बाई, पलीकडे स्टेशनमास्तर, आणि साहेबांच्या खुर्चीमागे बंदोबस्ताला म्हणून उभा मामा. बाई हौशी होत्या. देवदूताचा पंख निसटून मेंढपाळाच्या डोक्यावर पडला तेव्हा त्या हसून हसून पदरानं डोळे पुसत होत्या. कोपऱ्यात चार मेंढरं होती, तीन पोरं आणि एक भलंमोठं, घोंगडीतून ज्याचे बँडेज बांधलेले पाय बाहेर राहिले होते.

मग हेरोदाचा दरबार आला. कापसाच्या दाढ्या लावलेले तीन ज्ञानी लोक, हातात सोनं-धूप-गंधरस म्हणून रंगीत कागदाचे डबे, रांगेनं आत शिरले. शमुवेल खुर्चीत बसला. त्याची नजर समोर गेली आणि थेट फौजदारसाहेबांच्या नजरेला भिडली. संपलं. तोंड उघडं राहिलं, आवाज नाही. मी पडद्यामागून कुजबुजले, “तुम्ही कोण? कुठून आला?” शमुवेलनं फक्त मुकुट सावरला. मी जरा मोठ्यानं सांगितलं. मांडवात कुणीतरी खोकलं. मी आणखी मोठ्यानं सांगितलं, तेव्हा पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेलं आणि लोक हसायला लागले. बाबांनी कपाळाला हात लावलेला मला दिसला.

आणि कोपऱ्यातून आवाज आला. ओळखीचा, गडगडणारा, नऊ वर्षांचा. “कोण रे तुम्ही? कुठून आलात?”

मेंढरू बोललं होतं. मांडव फुटायचा बाकी राहिला. बाई तर टाळ्या पिटायला लागल्या. काका घोंगडीसकट उभा राहिला, लंगडत दरबाराच्या मधोमध आला, आणि शमुवेल मुकुट घालून खुर्चीत तसाच बसून राहिला. ज्ञानी लोकांनी पाठ केलेलं उत्तर दिलं, “आम्ही पूर्वेकडून, तारा पाहत पाहत आलो.”

“तारा पाहत? म्हंजे रातचं फिरत व्हता! कामून फिरत व्हता रातचं?”

लोक पुन्हा हसले. मी वहीत बोट फिरवलं. हे वाक्य वहीत नव्हतं.

“नाव काय तुझं? हे न्हाई, जुनं नाव सांग. बापाचं सांग. बापाच्या बापाचं सांग. हां! आता कळलं कुठल्या गल्लीतला राजा हाय ते. नाव बदललं म्हणून रक्त बदलतं का रे?” पहिला ज्ञानी घाबरून दाढी चाचपायला लागला. काकानं त्याच्या हातातला सोनेरी डबा काढून घेतला. “आन् हे काय? सोनं? तुमच्या गल्लीत सोनं? कुठून उचललं?”

“साहेब, बाळाला द्यायला आणलंय,” तो बिचारा बोलून गेला. ‘महाराज’ म्हणायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

हसण्याचा एवढा मोठा लोट आला की पेटीवाल्यानं चुकून सूर धरला. मीही हसत होते. शेजारी आई होती, पडद्याची दोरी धरून, ती मात्र हसत नव्हती. तिनं माझं मनगट पकडलं. “मार्थे,” ती हळू आवाजात म्हणाली, “हे नाटकातलं न्हाई गं.” मी फटीतून मामाकडे बघितलं. मामानं टोपी काढून हातात घेतली होती आणि तो जमिनीकडे बघत होता. तेव्हा मला कळलं की काका काय सांगत होता. तीन दिवस जे त्यानं आईला सांगितलं नाही, बाबांना सांगितलं नाही, ते तो सगळ्या गावाला सांगत होता, घोंगडी पांघरून.

“पालथं पाडा यांना,” काका शिपायांना म्हणाला. पांढऱ्या सदऱ्यातली पोरं जागची हलली नाहीत, त्यांच्या वाक्यांत हे नव्हतं. “तळपाय वर करा. बोलतील. वीसला न्हाई बोलले तर पन्नासला बोलतील. आईला हाक मारतो? हाक मार. ती बी येऊ दे.” इथं त्याचा आवाज थोडा घसरला. त्यानं खाकरून तो पुन्हा वर आणला. “आन् काही न्हाई सापडलं, तर उद्या दहाला हजेरीला या. रोज या. मरंपर्यंत या.”

आता कुणी हसलं नाही. रोज दहाला स्टेशनच्या रस्त्यानं लंगडत कोण जातं हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. साहेबांच्या बाई काकाच्या पायांकडे बघत होत्या, मग त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं, आणि पुन्हा समोर बघितलंच नाही. आईनं दोरी सोडली. पडदा पडला.

आमच्याकडे रीत अशी की नाटक संपलं की पात्रांनीच, आहे त्या वेषात, पाहुण्यांना फराळ आणि चहा द्यायचा, आणि मुख्य पाहुण्याला चहा हेरोदानं द्यायचा. दरवर्षी लोकांना याचीच मोठी गंमत वाटायची. शमुवेल खुर्चीतून उठेना. पाळकसाहेब हात चोळत इकडून तिकडे जात होते. काकानं ट्रे उचलला. मला वाटलं आता जीप येईल. मला काका इतका आवडला होता आणि त्याचा इतका रागही आला होता की काय करावं कळेना. नाव वहीतून निघायचं सोडून यानं स्वतःच्या हातानं ते पक्कं केलं असं वाटत होतं.

“घ्या, साहेब,” काका म्हणाला. “साखर कमी असंल तर सांगा.”

फौजदारसाहेबांनी कप घेतला. चेहरा लाल होता. “हे डायलॉग कुणी लिहिले?”

“लिहिले न्हाईत साहेब. ऐकून ऐकून पाठ झाले.”

साहेबांनी कप तसाच खाली ठेवला आणि उठून गेले. शाल पाळकसाहेबांच्या हातातच राहिली. नानकटाईला मात्र कुणी हात लावला नाही असं झालं नाही, माणसं घाबरली तरी खातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका हजेरीला निघाला तेव्हा आईनं मला बरोबर धाडलं. “आत घेतलं तर पळत येऊन सांग,” एवढंच म्हणाली. बाबांची ड्यूटी होती. वाटेत मी येशूशी भांडत होते, म्हणजे त्याला सांगत होते की तुझ्या वाढदिवसाला एवढी मेहनत केली, आता तू काहीतरी कर. ठाण्यात साहेब टेबलामागे बसले होते, समोर वही. मामा वहीजवळ उभा होता. त्यानं न बोलता भिंतीकडचं स्टूल काकासाठी पुढे सरकवलं. काका बसला नाही.

साहेबांनी वही स्वतःकडे ओढली. पेन मागितलं. काकाच्या नावावर आडवी रेघ मारली, मग त्यावरून आणखी एक. “उद्यापासून यायचं नाही,” ते म्हणाले.

मला फार आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाचीच लाज वाटली. ज्यानं मारलं त्यानं मारणं थांबवलं, आणि मी मनातल्या मनात त्याला देव तुमचं भलं करो म्हणत होते. ते आभार मी परत घेऊ शकले नाही, हे मला अजून सलतं. साहेब खुर्चीत मागे रेलले. त्यांना उगाच मोठेपणाही घ्यायचा होता, आणि थोडं मोकळंही व्हायचं होतं बहुतेक. “घरात कालपासून कुणी धड बोलेना माझ्याशी,” ते वहीकडे बघत म्हणाले. “चहासुद्धा बाहेर पितोय.” मग एकदम हसून, “पण तुमच्यात माफ करायचं असतं ना रे? येशूनं सांगितलंय म्हणे. मग झालं. मिटलं.”

 मी काकाच्या सदऱ्याचं टोक ओढलं. हो म्हण, हो म्हण आणि चल, असं मी मनात ओरडत होते. रेघ मारलेलं नाव पुन्हा लिहायला किती वेळ लागतो.

“सांगितलंय साहेब,” काका शांतपणे म्हणाला. “मी रोज सकाळी डोक्यापासून सुरुवात करून राहिलो. अजून तळपायापर्यंत पोचलो न्हाई.”

 बाहेर मालगाडी जात होती, ती पूर्ण जाईपर्यंत साहेब खिडकीकडे बघत राहिले. मग हातानं ‘जा’ अशी खूण केली. आम्ही पायऱ्या उतरलो. ठाणं दृष्टीआड होईपर्यंत मी काकाचं बोट धरून चालत होते, त्या वयाला शोभत नसताना.

पुलाजवळ आल्यावर मी विचारलं, “काका, खरंच सुरुवात केलीस?”

“कशाची?”

“माफ करायची. रोज सकाळी.”

“छ्या!” काका म्हणाला. “काहीतरी बोलावं लागंल म्हणून बोललो.” चार पावलं गेल्यावर तो थांबला, कठड्याला टेकून एक पाय उचलून धरला आणि तोंड वाकडं केलं. “पर आता बोलून बसलोय, मार्थे. आता करावी लागंल.”